दोरीची खोली

तो भिंतीतून आत आला.

म्हणजे भिंत अजून झालेली नव्हती. आमच्या परसात मी खुंट्या ठोकून दोरी ताणली होती आणि दोरीला नारिंगी फिती बांधल्या होत्या. नवी खोली नेमकी कुठे येणार ते झोनिंग बोर्डाच्या, म्हणजे बांधकामाला परवानगी देणाऱ्या गावच्या मंडळाच्या, सदस्यांना दिसावं, म्हणून अशी आखणी करावीच लागते. मार्चमधला पाऊस... त्यात मधूनच बर्फाचे कण. आणि हा उंच माणूस हातातला नकाशा बघत बघत, दोरी ओलांडून, थेट खोलीच्या मधोमध येऊन उभा राहिला.

“अहो, तुम्ही भिंतीतून आलात!” मी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले. “दार तिकडे आहे. दोरीत मोकळी जागा सोडलीय, ती बघा.”

त्याने वर पाहिलं. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. मला वाटलं, आता चिडेल. पण तो मुकाट्याने आल्या वाटेने परत गेला, वळसा घालून त्या मोकळ्या जागेसमोर उभा राहिला आणि हवेतच त्याने टकटक केलं.

“कोण आहे?” मी विचारलं.

“झोनिंग बोर्ड. येऊ का आत?”

“पाय पुसून या.”

त्याने चिखलात खरंच पाय पुसले... आणि मी हसले. बाबा आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच हसले असेन, कारण माझा मलाच आवाज ओळखीचा वाटला नाही.

माझे बाबा, ॲन्सेल्मो रेझेंडिस. उभा जन्म शिंपल्यांच्या बोटींवर गेला. हिवाळ्यात त्यांना झटका आला आणि डावी बाजू गेली. तेव्हापासून ते टेकडीवरच्या शुश्रूषागृहात होते. आमच्या घरात झोपायची खोली आणि न्हाणीघर दोन्ही माडीवर, आणि जिना असा अरुंद की चाकांची खुर्ची सोडाच, धडधाकट माणूसही सरळ चढत नाही. खाली एक खोली बांधली तरच ते घरी येऊ शकत होते. पण शेजारच्या हद्दीपासून पंधरा फूट जागा सोडायची असा गावाचा नियम, आणि आमची जमीन समुद्राकडे निमुळती होत गेलेली. खोली कशीही फिरवली तरी हद्दीपासून नऊ फुटांवरच यायची. त्या सहा फुटांची सूट मागायला मी अर्ज केला होता. बोर्डावर पाच जण, त्यातल्या चौघांनी ‘हो’ म्हणायला हवं.

माझा भाऊ हेल्डर ओहायोत असतो. त्याने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, “सूट मिळाली तर बाबा तुझ्याकडे. नाही मिळाली तर घर विकायचं आणि बाबा माझ्याकडे.” ओहायोत त्याच्या घराभोवती मक्याची शेतं आहेत. समुद्र दिसला नाही की बाबा खिडकीशी भांडतात, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

“मी एझ्रा टेबर,” तो माणूस म्हणाला. “अर्जाबद्दल मात्र तुमच्याशी एक अक्षर बोलू शकत नाही. सुनावणीबाहेर मनाई आहे.”

“मग काय बोलू शकता?”

त्याने विचार केला. “हवेबद्दल?”

“हवा भिकार आहे.”

“एकमताने मंजूर,” तो गंभीरपणे म्हणाला, आणि मोजपट्टी धरून अंतर मोजायला लागला. मोजताना दोन वेळा माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही वेळा आकडा विसरला. मीच सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बेकरीत हजर. मी धक्क्याजवळच्या पोर्तुगीज बेकरीत गल्ल्यावर असते. हा तिथून चार दुकानं सोडून शिडं शिवायच्या कारखान्यात काम करायचा आणि इतकी वर्षं कधी आमची पायरी चढला नव्हता. बोर्डाचं काम फुकटचं, कुणी पुढे येत नव्हतं म्हणून गावाने याला धरून बसवलं होतं.

“गोड पाव द्या,” तो म्हणाला.

“अर्धा की अख्खा?”

“हा प्रश्न अर्जाशी संबंधित आहे का?”

“नाही.”

“मग अख्खा.”

मग रोजच यायला लागला. एकटा जीव, रोज एक अख्खा पाव... कारखान्यातली माणसं पाव खाऊन कंटाळली असावीत. आम्ही खोली सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलायचो. त्याच्या बोटांना सुईचे घट्टे होते. एकदा सुटे पैसे देताना त्याचं बोट माझ्या तळहातावर जरा जास्तच रेंगाळलं, आणि रांगेतल्या मागच्या बाई म्हणाल्या, “पोरांनो, मला दुपारी दाताच्या डॉक्टरकडे जायचंय हं.” दिवसभर माझे कान तापलेले होते.

आपल्याला सुख होतंय याची मला लाज वाटायची. टेकडीवर बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले आणि मी इथे कुणाच्या तरी चष्म्याचा विचार करतेय... संध्याकाळी त्यांच्याजवळ बसले की मी सगळं सांगून टाकायचे, त्या भिंतीतून आलेल्या माणसाचंही. बाबांचं बोलणं अडखळत यायचं. “दारातून... येतो ना आता?” ते विचारायचे.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी आम्ही बंदराच्या बांधावर फिरायला गेलो. ठरवून नाही. तो तिथे होता, मीही गेले, एवढंच. टोकाशी पोचलो तसा पाऊस आला. त्याने स्वतःचा रेनकोट काढून माझ्या डोक्यावर धरला आणि मग तो धरलेला हात खाली घेईचना.

“डेल्फिना... मला तुला एक सांगायचंय.”

“नको.” मी इतक्या घाईने म्हणाले की तो दचकला. “गुरुवारनंतर सांग. मत देऊन झालं की. आधी बोललास तर तुला बाजूला व्हावं लागेल.”

“मी बोललो नाही तरी ते आहेच ना.”

“असू दे. पण गप्प अस. माझ्यासाठी... चार दिवस.”

तो काही बोलला नाही. मी त्याला होकार समजले. रेनकोटाखाली त्याचा श्वास माझ्या केसांना लागत होता आणि मला वाटलं, गुरुवार झाला की सगळंच मिळणार... बाबा, खोली, हा. एका माणसाला एवढं सगळं एकदम मिळतं का, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

गुरुवारी नगरभवनाच्या वरच्या दालनात सुनावणी. पाच सदस्य लांब टेबलामागे, समोर घडीच्या खुर्च्यांवर अर्धं गाव. अध्यक्षीण मिसेस लोरिंग स्वभावाने गरीब. मिस्टर क्रँडल मात्र नियमाचे पक्के, स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या कोंबड्यांच्या खुराड्यालाही त्यांनी ‘नाही’ म्हटलं होतं. त्यांचं मत मी धरलंच नव्हतं. बाकीचे चार पुरे होते.

“कुणा सदस्याचा या अर्जदाराशी वैयक्तिक संबंध आहे का?” मिसेस लोरिंगनी विचारलं. हे त्या दर वेळी विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता पान उलटतात.

एझ्रा उभा राहिला.

मी मान हलवली. नको, नको... त्याने पाहिलं. नक्की पाहिलं.

“माझा आहे.”

“नातं आहे? की काही व्यवहार?”

“दोन्ही नाही.”

“मग काय आहे, मिस्टर टेबर?” क्रँडलनी चष्म्यावरून विचारलं.

एझ्राचे कान लाल झाले. “माझं मिस रेझेंडिसवर प्रेम आहे,” तो म्हणाला. “मला मत देता येणार नाही.”

मागून कुणीतरी खुदकन हसलं, बेकरीच्या रांगेतल्या त्या बाई “अगं बाई!” म्हणाल्या. एझ्रा टेबलामागून निघाला, माझ्या खुर्चीजवळून गेला आणि दालनाबाहेर जाऊन उभा राहिला. माझ्यावर प्रेम आहे असं आजवर कुणी मला सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा अख्ख्या गावासमोर सांगितलं, आणि त्याच वाक्यात माझ्या बाबांचं घर गेलं.

मिसेस लोरिंगचा चेहरा पडला. “बदली सदस्य फ्लोरिडात आहेत, मे अखेरीस येतील. तोवर थांबता का, बाळ? आत्ता चौघांचीही मतं लागतील.”

शुश्रूषागृहाने एप्रिलपुरतीच खाट दिली होती. घराला गिऱ्हाईक हेल्डरने शोधूनही ठेवलं होतं. “नाही थांबता येणार,” मी म्हणाले.

तिघांनी हात वर केला. क्रँडलनी केला नाही. “मुली, राग मानू नको,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच मऊ होता. “कायदा म्हणतो, अडचण जमिनीची हवी, माणसाची नव्हे. जमीन तर तुझ्या आजोबांनी घेतली तेव्हाही अशीच निमुळती होती. आजारी पडले ते तुझे वडील.”

अर्ज नामंजूर.

एझ्रा जिन्यात थांबला होता.

“पाच मिनिटं गप्प बसता आलं नाही तुला?” माझा आवाज फाटला. “पाच मिनिटं, एझ्रा!”

“मी प्रयत्न केला. तुझा नकाशा समोर होता आणि मला जमीन दिसतच नव्हती. तूच दिसत होतीस. हात वर केला असता, तर तो हात कशासाठी वर गेला, ते मला कधीच कळलं नसतं.”

“मला कुठे कळायला हवं होतं! मला खोली हवी होती!”

“डेल्फिना...”

“इतका खरा माणूस मला नकोय. मला खोटारडा चालला असता.” मी पायऱ्या उतरत गेले. रडूसुद्धा आलं नाही, इतकी मी रिकामी झाले होते.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी हेल्डर बाबांना न्यायला येणार होता. मीही जाणार होते. मक्याच्या शेतात बाबांना एकटं कसं सोडणार? त्या सकाळी शुश्रूषागृहाच्या गाडीने बाबांना घरी सोडलं, घर शेवटचं बघायला. मी त्यांची खुर्ची परसात आणली. दोरी अजून तशीच होती. काढायला माझा हातच धजला नव्हता.

“हे... काय?” बाबांनी विचारलं.

“तुमची खोली, बाबा.”

ते बघत राहिले. मग चांगल्या हाताने त्यांनी दाराकडे बोट केलं. मी त्यांना त्या मोकळ्या जागेतून आत नेलं.

“खाट?”

“इथे.”

“खिडकी?”

मी खुर्ची समुद्राकडे वळवली. बंदर दिसत होतं, बोटी दिसत होत्या. बाबा खुर्चीत जरा सैल बसले. कितीतरी महिन्यांत ते असे बसले नव्हते.

एझ्रा कधी आला ते मला कळलं नाही. दोरीबाहेर, टोपी हातात घेऊन उभा होता.

“तोच ना?” बाबांनी विचारलं. “माझी खोली... घालवली तो?”

“हो,” एझ्रा म्हणाला.

“आणि हिच्यावर प्रेम... तो पण तूच?”

“हो. मीच.”

“एकाच संध्याकाळी,” बाबा म्हणाले, “बरीच कामं... उरकलीस रे.” अर्ध्याच तोंडाने ते हसले. “बाहेर का? ये आत.”

एझ्रा वळसा घालून दाराशी गेला. टकटक केलं नाही. आत येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

“मी ओहायोला येतो,” तो हळूच म्हणाला. “शिडं नाहीत तर नाहीत, तंबू शिवेन. काहीही शिवेन. फक्त ये म्हण.”

किती सोपं होतं ते... ओठांपर्यंत आलंही होतं. मी त्याच्या घट्टे पडलेल्या बोटांकडे बघितलं.

“माझंही प्रेम आहे तुझ्यावर,” मी म्हणाले. “म्हणूनच सांगते, नको येऊस. बाबा तिथे भिंतीकडे बघत बसतील, आणि मी तुझ्याकडे बघेन, आणि दर वेळी मला ही खोली दिसेल. मी तुला छळीन, एझ्रा. रोज थोडं थोडं छळीन.”

“छळ.”

“नाही जमायचं मला.”

त्याने मान खाली घातली. मग काहीतरी करायला हवं म्हणून मी कोपऱ्यातल्या खुंटीची गाठ सोडायला वाकले. घर घेणाऱ्याला परस साफ करून हवं होतं. एझ्राही न सांगता दुसऱ्या टोकाच्या खुंटीकडे गेला.

“थांबा,” बाबा म्हणाले. “मी... अजून आत आहे.”

आम्ही थांबलो. बाबांच्या खुर्चीच्या दोन बाजूंना, ओल्या गवतावर, आम्ही दोघं बसून राहिलो. पाऊस भुरभुरायला लागला. एझ्राने रेनकोट काढून बाबांच्या डोक्यावर धरला. बाबा बोटी बघत होते. मधूनच एखादीचं नाव घेत होते.

हेल्डरच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी खुर्ची ढकलली, दोरीला चाक लागू न देता, दारातून बाहेर. एझ्रा मागून आला. बाहेर पडल्यावर तो वळला, आणि हवेत हात घालून, जपून, त्याने ते दार ओढून घेतलं.

या वेळी मला हसू आलं नाही.