पनामा सिटीचा माणूस

बुधवार, १४ जानेवारी २००९. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सायरा मुकादमने लाल पेनाने एक वाक्य खोडलं : ‘पनामा सिटीत पहाटे लवकर उठा आणि पॅसिफिक समुद्रातून वर येणारा सूर्य बघा.’

“तेवढं राहू द्या,” टेबलापलीकडून कुणीतरी मराठीत म्हणालं. “सगळ्या पुस्तिकेत तेच एक मनापासून लिहिलंय.”

तिने मान वर केली. टाय, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि केस मात्र भिजलेले — दुबईत त्या सकाळी वाट चुकल्यासारखा पाऊस पडत होता. हा वली परकार. श्रीवर्धनचा, हमरिया फ्री झोनमध्ये जहाजांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत नोकरीला, आणि त्याआधी दोन वर्षं पनामा सिटीत. करामा भागातल्या तिच्या छोट्या ऑफिसात परक्या शहरांत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी पुस्तिका निघत. पनामाची याने लिहिली होती. त्यातलं अक्षर न् अक्षर तपासणं हे सायराचं काम.

“पॅसिफिक अमेरिकेच्या पश्चिमेला असतो, मिस्टर परकार,” ती म्हणाली. “मी हर्णैची. सूर्य समुद्रात बुडताना रोज पाहिलाय. उगवताना एकदाही नाही.”

“मीही नव्हता पाहिला… तिथे जाईपर्यंत.”

हा माणूस पनामाला गेलेलाच नाही, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. दिवसच तसे होते, मंदीचे. जो तो काहीतरी लपवत होता. शेजारच्या बिल्डिंगमधले एक साहेब नोकरी गेल्यावरही महिनाभर डबा घेऊन निघत आणि मॉलमध्ये बसून तो खात.

रविवारी वली पुन्हा आला. दुरुस्त्या ईमेलनेही पाठवता आल्या असत्या, हे तिने त्याला सांगितलं. त्याने खालच्या कॅफेटेरियातून आणलेला दाट दुधाचा करक चहा तिच्यासमोर ठेवला आणि तिच्या प्रश्नांची वाट बघत बसला. प्रश्न तिच्याकडे भरपूर होते. तो सांगत गेला : जुन्या शाळेच्या बसगाड्या, त्यांच्यावर नटनट्यांची भडक चित्रं, बर्फाच्या गोळ्यावर ओततात ते दाट गोड दूध, कालव्यात शिरायला रांगेत उभी असलेली जहाजं. दुपारी दोनला पाऊस येतो आणि अख्खं शहर दुकानांच्या छपरांखाली उभं राहून गप्पा मारतं. सायरा लिहून घ्यायला बसली होती. मधेच तिच्या लक्षात आलं, बराच वेळ आपण पेन उघडलेलंच नाही.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“काही नाही. फार छान सांगता तुम्ही. म्हणून शंका येते.”

संध्याकाळी तिने पुस्तिकेतल्या एका हॉटेलला फोन लावला. पलीकडच्या मुलीने इंग्रजीत शांतपणे सांगितलं, की हो, सूर्य समुद्रातूनच उगवतो. तिथे जमीन अशी वळलीय, की शहराच्या पूर्वेलाच पॅसिफिक येतो. सायराने दोनदा विचारलं, मग नकाशा काढून पाहिला, आणि खोडलेलं वाक्य परत टाकलं. पण नकाशा तर त्यालाही पाहता आला असता…

सोमवारी तिने सरळच मागणी केली. “पासपोर्टवरचा पनामाचा शिक्का दाखवा.”

“पासपोर्ट कंपनीकडे असतो. तुमचा नाही का?”

तिचाही होताच, ऑफिसच्या मालकीण प्रमिला मॅडमच्या कपाटात. तिने विषय सोडला. पण वलीने नाही सोडला. मंगळवारी दुपारी त्याने पासपोर्ट आणून टेबलावर ठेवला. चौदाव्या पानावर शिक्के होते, पनामात शिरल्याचा २००४ चा, निघाल्याचा २००६ चा. ती हसली… आणि ते हसू अर्ध्यातच थांबलं. इथे पासपोर्ट हातात मिळतो तो सुट्टीवर घरी जाताना. नाही तर ‘खलास’ झाल्यावर, म्हणजे नोकरी गेल्यावर.

तिने पान उलटलं. व्हिसा रद्द, २८ डिसेंबर. त्यानंतर देश सोडायला तीस दिवस. म्हणजे उरले सात.

“काल म्हणालात कंपनीकडे आहे.”

“खोटं बोललो.”

“आणि हा टाय?”

“घरून निघताना बांधतो. चुलतभावाकडे राहतो, त्याला कळू नये म्हणून.”

“आणि इथे कशाला यायचास? एसीत बसायला?” ‘तू’ कधी तोंडातून निसटलं, तिला कळलं नाही. त्याला कळलं.

“पहिल्या दिवशी, हो,” तो म्हणाला. “पण एसी मॉलमध्येही आहे, सायरा.”

तिने पासपोर्ट मिटून त्याच्याकडे सरकवला. बोटं पासपोर्टवरच राहिली. त्याचीही.

पनामातल्या जुन्या मालकाने त्याला परत बोलावलं होतं. तिकीट सव्वीस तारखेचं. ही नोकरी तरी खरी का, असं तिने विचारलं, आणि मालकाचं पत्र त्याने दाखवलं तेव्हा त्यावरचा पत्ता दोनदा वाचला.

“आत्ता तुला काही विचारत नाही,” तो म्हणाला. “नोकरी गेलेल्या माणसाने विचारू नये. तिथे खोली मिळाली की नंबर पाठवतो. मनात असेल तर फोन कर.”

“आणि नंबर आलाच नाही तर?”

“तर मला खोडून टाक.”

नंबर आला, पण तीन आठवड्यांनी. ईमेलमध्ये दुसरा शब्द नव्हता. तोवर अब्बांनी खेडचं एक स्थळ आणलं होतं. मुलगा कुवेतला, घरचे ओळखीचे, कागदपत्रं चोख. शुक्रवारी उत्तर द्यायचं ठरलं होतं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी. संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी सायराने नंबर फिरवला. तिकडे सकाळचे आठ वाजले असणार. वलीला ‘हो’ म्हणायचं तिने पक्कं केलं होतं, फक्त आधी त्याचा आवाज ऐकायचा होता.

फोन एका बाईने उचलला.

“वली?” सायरा म्हणाली. “वली परकार?”

बाईने ते नाव स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं, स्पॅनिशमध्ये लांबलचक काहीतरी सांगितलं, आणि हसली. वय आवाजावरून कळेना. मग रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. त्यामागून फरशीवर चपलांचा.

चपला फोनकडे येत होत्या की फोनपासून लांब जात होत्या, हे पाच वाजून सात मिनिटांपर्यंत सायराला कळलेलं नव्हतं. तिने फोन ठेवलेला नव्हता.