गंजीतला श्वास

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. जे मोजता येत नाही, त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलं, आणि मी तिथेच होते.

मूर्तिजापूरजवळचं आमचं गाव. ऑक्टोबर संपत आला होता. भाव नाही म्हणून गेल्या हंगामाचा कापूसही घरातच पडून होता. पुढची खोली छतापर्यंत भरलेली.

धाकटी पौर्णिमा गुन्ह्यांच्या आणि भुतांच्या गोष्टींचा पॉडकास्ट करायची. हॅलोविनला तिचे श्रोते वाढायचे.

"ताई, असा स्टुडिओ पुण्याच्या लोकायलेबी भेटत नाई!"

खरं होतं. कापूस आवाज गिळतो.

तिनं गोष्ट निवडली भागीरथाची. आमच्याच गावची, कापूस वेचणारी. एका मोठ्या घरात कापसाच्या गंजीखाली मेलेली सापडली. मालक म्हणाला, गंजी ढासळली. गाव म्हणालं, दाबली.

दुपारी भागीरथाची आई आली. सुभद्रामावशी.

"बाई, माह्या पोरीच्या मरणाचा खेळ नोको करू."

"मावशी, तुमच्या पोरीले कोण ओयखते? उलटं नाव होईन तिचं!" पौर्णिमा हसली.

मावशी उठून निघून गेल्या.

मग पौर्णिमा गळ्यापर्यंत गंजीत शिरली. माइक तोंडाशी धरला. शेवटी तिनं भागीरथाचे अखेरचे श्वास काढून दाखवले. घुसमटलेले... तुटणारे...

मी दारात उभी राहून ऐकले.

रेकॉर्डिंग लावलं. शब्द सगळे होते. श्वास नव्हते.

एकही नाही.

स्क्रीनवर त्या जागी सरळ रेघ होती.

"जाऊ दे, टाकतो तसंच," ती म्हणाली, आणि अमरावतीच्या अंकुरला फाइल पाठवली. पॉडकास्टचं पेज तो सांभाळायचा.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"ताई, काय श्वास घेतले पौर्णिमानं! लोक पागल झाले!"

मी पुन्हा फाइल उघडली. सरळ रेघेच्या जागी... लाटा होत्या.

पौर्णिमाला तेव्हा जिना चढवत नव्हता.

अमरावतीच्या दवाखान्यात छातीचा फोटो स्वच्छ निघाला. तरी तिच्या बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा घसरत होता. मी मुद्दाम माझ्या फोनवर एपिसोड लावला.

आकडा पडला.

बंद केला. सावरला.

मी लगेच अंकुरला सांगून एपिसोड काढायला लावला. संध्याकाळपर्यंत पौर्णिमा उठून बसली. चहा मागितला. मला वाटलं, सुटलो.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा पुन्हा पडला. तिसऱ्या दिवशीही. दुपारीच.

गावातल्याच कुणीतरी फाइल आपल्या फोनमध्ये ठेवली होती आणि रोज दुपारी ऐकत होतं.

मी गावी गेले. सुभद्रामावशींच्या दाराशी पोचले, आणि आतून आवाज आला... घुसमटलेला... तुटणारा...

मी त्यांचे पाय धरले. सगळं सांगितलं.

"मास्तरीणबाई, माही भागीरथा श्वास घेऊन राहिली याच्यात. बंद करू?"

"मावशी, तो माझ्या बहिणीचा श्वास आहे. आम्ही एका अंथरुणात झोपलो. मी ओळखते."

त्यांनी फोन छातीशी धरला.

"असंन," त्या म्हणाल्या. "मंग?"

आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मी फोन हिसकावायला गेले. त्यांनी बोटं सोडली नाहीत. झटापटीत तो शेवटपर्यंत वाजला.

पौर्णिमा त्याच दुपारी गेली.

मावशी अजूनही ते ऐकतात. गावी गेले की त्यांच्या दारावरून जावंच लागतं. परवा श्वासांच्या मध्ये एक शब्द आला. अगदी हळू...

"ताई."

माझ्याकडच्या फाइलमध्ये तो शब्द नाही. मी तपासलं आहे.