खडीसाखरवाल्याची भाची

मुहय्योच्या कपाळावर खडीसाखरेचा खडा येऊन आदळला, तेव्हा तिच्या तोंडून जो शब्द गेला तो दवाखान्यातल्या नर्सबाईला शोभणारा नव्हता.

गल्लीत पाळण्याचा समारंभ होता. बाळाला पहिल्यांदा पाळण्यात घालायचं आणि वर गोडधोड उधळायचं. ते वेचायला मार्गिलान शहरातल्या त्या गल्लीतली झाडून सगळी पोरं फाटकाशी जमली होती. परातभर खडीसाखर पोचवायला आलेल्या एल्यारने त्यांच्या हट्टापायी एक मूठ हवेत भिरकावली, आणि नेमकी तेव्हाच मुहय्यो आत शिरली.

“लागलं?” तो धावत आला.

“छे, आवडलं,” ती कपाळ चोळत म्हणाली.

“मग आणखी एक टाकू?”

तिने रागाने वर पाहिलं... आणि तो राग कुठे ठेवावा तेच तिला सुचेना. माणसाच्या भुवयांवर साखरेची भुकटी, बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, आणि डोळे असे हसरे की भांडण सुरू व्हायच्या आतच संपावं.

“तुम्ही त्या कोकंदहून आलेल्या नव्या दातवाल्या ना?”

“हो. आणि माझ्याकडे रोगी तुम्हीच पाठवता वाटतं.”

“बघा, म्हणजे ओळख जुनीच निघाली—” तो म्हणाला. हसू आवरायला मुहय्योला ओठ चावावा लागला.

पण पुढच्या पाच मिनिटांत तिने सगळं घालवलं. आत बाळ रडत होतं. एल्यारची आई, सलोमत खाला, गल्लीतल्या सगळ्या सासवांची सासू. त्यांनी खडीसाखरेचा तुकडा मलमलीत बांधला आणि बाळाच्या ओठांशी नेला. मुहय्यो भर बायकांत बोलून गेली, “खाला, नका देऊ! दात उगवल्या उगवल्या किडतील त्याचे.”

पाळण्यापाशी असं बोलतात का कुणी? बाळाची आजी पुटपुटत दुआ मागू लागली.

“पोरी,” सलोमत खाला शांतपणे म्हणाल्या, “तुझ्या कोकंदला पाळण्यावर अभद्र बोलायची रीत असेल. आमच्याकडे नाही.”

झालं. दर गुरुवारी आई-वडिलांना बोलवून मुलांचे दात कसे जपायचे ते दाखवायचं, म्हणून तर ती हट्टाने या दवाखान्यात आली होती. गुरुवारी दवाखान्याच्या अंगणात तुतीच्या झाडाखाली बाकं मांडली, पण त्यांवर पिकलेल्या तुतींशिवाय कुणीही बसायला आलं नाही. खालांची मर्जी गेली की गल्ली गेली. आणि खालांच्या मुलाचा विचार तर आता करायलाच नको होता. ती मात्र दिवसभर तोच करत होती, आणि स्वतःवरच चिडत होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचं मागचं दार वाजलं. एल्यार उभा होता, खांद्यावर एक पेंगुळलेली मुलगी.

“माझी भाची, आयदिन. बहीण मॉस्कोत कामाला आहे, ही आमच्याकडे असते. आईला कळता कामा नये.”

मुहय्योने आयदिनचा वरचा ओठ अलगद उचलला. पुढचे चारही दात काळे, कडा झिजलेल्या.

“रात्री काय घेऊन झोपते?”

“बाटली. खडीसाखरेचं पाणी... दुधाचे दात पडणारच, म्हणते आई.”

“पडेपर्यंत दुखतात ना पण! हे चार दात डॉक्टर बघतील. दाढा आपण वाचवू. हिरडीजवळ ही पांढरी रेघ दिसतेय? ही सुरुवात असते. यावर मी कीड थांबवणारा लेप लावते. उद्यापासून बाटलीत नुसतं पाणी, आणि दोन वेळा ब्रश तुम्ही स्वतः करायचा.”

“म्हणजे माझं दुकान बंद?”

“मोठ्यांनी जेवणासोबत खावी, पोरांनी दिवसभर चघळू नये, एवढंच. तुमच्या दुकानावर माझा राग नाही.”

“आणि दुकानदारावर?”

“ब्रश धरा,” ती म्हणाली, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्याच.

त्याने ब्रशवर पेस्टचा डोंगर केला. “अहो, वाटाण्याएवढी! ही आणखी लहान असती तर तांदळाच्या दाण्याएवढी,” म्हणत तिने त्याचा हात धरून कोन दाखवला. हात सोडायला जरा... उशीरच झाला. आयदिन दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तो रोजच येऊ लागला. कधी ब्रश नीट चालतो का दाखवायला, कधी नुसतंच विचारायला, “आज काही चुकलं का माझं?” आणि चुकलेलं नसलं की हिरमुसून जायला.

एका गुरुवारी मात्र पुढचं दार धाडकन उघडलं. सलोमत खाला! काखेत आयदिन, हातात बाटली, मागून धापा टाकत एल्यार.

“खडीसाखरवाल्याच्या घरात पोरीला नुसतं पाणी? माझा मुलगा चोरून पाणी भरतो बाटलीत! तू शिकवलंस?”

“मी शिकवलं,” मुहय्यो म्हणाली. आज या बाई रागावून गेल्या तर आयदिनच्या दाढा गेल्या, गल्ली गेली, आणि तो दारात उभा असलेला माणूसही गेला. पण या वेळी तिने उपदेश केला नाही. “खाला, तुम्ही बसा. हिचं डोकं मांडीवर घ्या. आता ओठ तुम्हीच उचलून बघा.”

खालांनी तणतणत ओठ उचलला, आणि त्या थांबल्या. रोज त्या तोंडात घास भरवणाऱ्या बाईने आत कधी वाकून पाहिलंच नव्हतं.

“रात्री रडायची,” त्या हळूच म्हणाल्या. “मला वाटायचं, आईच्या आठवणीने. म्हणून मी बाटली आणखी गोड करायचे...”

“दुखत होतं तिला,” मुहय्यो त्यांच्याशेजारी बसली. “तुम्ही मायेनेच दिलीत, खाला.”

खालांनी डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसले, मग नातीचं नाक पुसलं. आणि म्हणाल्या, “तो ब्रश कसा धरायचा, दाखव.”

पुढच्या गुरुवारी तुतीखाली बसायला जागा उरली नाही. खाला एकेका सुनेला दटावत होत्या, “उचल ओठ! बघ आत! घाबरतेस काय?” मुहय्यो एका गुटगुटीत पोराच्या दाढांना लेप लावत होती, आणि आनंदाने तिला काही सुधरत नव्हतं. एल्यार पाण्याची बादली ठेवायच्या निमित्ताने अगदी जवळ येऊन थांबला.

“आई उद्या कोकंदला निघालीय,” तो कुजबुजला. “तुझ्या घरी. भाकरी मोडून सोयरीक पक्की करायला.”

मुहय्योचा हात थबकला. “मला न विचारता?”

“विचारतोय ना... मला तू आवडतेस, मुहय्यो. पहिल्या दिवसापासून. रोज काहीतरी चुकवून यावंसं वाटतं. हो म्हणशील?”

तिचं काळीज इतकं जोरात उडत होतं की दोन्ही बाकांना ऐकू जावं. तिने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी गुटगुटीत पोराने तिचं बोट कचकन चावलं.

“हो! आई गं... हो!” ती किंचाळली.

सगळ्या माना वळल्या. एल्यारच्या हातातली बादली त्याच्याच पायांवर उपडी झाली.

“ऐकलंत ना सगळ्यांनी?” सलोमत खाला समाधानाने म्हणाल्या. “चला, पुढचं मूल आणा.”