मेलिसच्या चेहऱ्याचा रंग

विश्वास ठेवायचा तर ठेवा, मला कुणाशी वाद घालायचा नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि या डोळ्यांच्या जोरावरच मी आजवर पोट भरलंय.

रात्र नव्हती. बिश्केकमधली मे महिन्यातली भर दुपार होती.

माझा नवरा मेलिस आणि मी एकाच छापखान्यात होतो. तो मशीनवर, मी रंग जुळवायला. छपाईत एक कटकट कायमची. दोन चित्रं एकामागे एक आली, की पुढचं शाई पिऊन टाकतं आणि मागचं फिकं पडतं. मेलिस मग पुढच्याची शाई कमी करायचा.

"मागच्यानं काय पाप केलंय?" म्हणायचा.

गेल्या उन्हाळ्यात तो यकृताच्या आजारानं गेला. पाठोपाठ छापखानाही बंद पडला.

मी पाक बाइकेंच्या, म्हणजे पाकदादांच्या, स्टुडिओत लागले. लग्नांचे व्हिडिओ, जाहिराती, कधी एखादा सिनेमा... त्यांचे रंग सुधारायचं काम. सुरुवातीला मी पार गोंधळून जायचे.

"बुरुल, हा कागद नाही बाई!" बाइके ओरडायचे. "पडदा स्वतःच उजेड देतो. शाई ओतू नकोस! चेहऱ्याभोवती गोल काढ, आतलाच रंग बदल. शेजारच्याला पत्ताही लागत नाही."

ऐकून मला फार हायसं वाटलं होतं.

मेलिसच्या वर्षाचं जेवण जवळ आलं. आपा, म्हणजे माझी सासू, एक दिवस माझ्यापुढे येऊन बसली.

"पोरी, रीतीप्रमाणे घोडा कापायचाय, सगळे सोयरे येणार. त्यांना पडद्यावर माझा मेलिस असा पिवळाजर्द दाखवणार? मला त्याचा पहिला रंग दे. एकदाच बघते."

व्हिडिओ एकच होता. त्याच्या शेवटच्या नूरुझचा, वसंतातल्या सणाचा. मेलिस अंगणात बसून हसतोय, आणि मागून आमची छोटी नुरिझा त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी आहे.

स्टुडिओत मी खिडक्यांचे पडदे ओढले. त्याच्या चेहऱ्याभोवती गोल काढला. पिवळा कमी केला, हळूहळू लाल चढवला.

आणि मेलिस परत आला...

मी ढसाढसा रडले.

"चहा घे," बाइके म्हणाले. "डोळे सुजले की रंग चुकतात."

चहा घेऊन परत बसले, तर...

नुरिझाचे गाल फिके पडले होते.

मी गोल तपासला. तो तिला कुठेही लागत नव्हता. मी मेलिसला आणखी थोडा लाल दिला. डोळ्यांदेखत तिचे ओठ पांढरे झाले.

बाइकेंनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. फरक नाही.

"हे होऊच शकत नाही," ते म्हणाले. नेहमीसारखी थट्टा मात्र केली नाही.

संध्याकाळी घरी गेले. दारात धावत येणारी नुरिझा आली नाही.

ती गादीवर बसून होती.

"आई... थंडी वाजतेय."

ताप नव्हता. पण गाल... पडद्यावर होते तसेच. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी दिसतंय, तपासू. आपानं तिच्या ओठांवरून बोट फिरवलं.

"हिचा रंग कुणी नेला गं?"

मी सगळं सांगितलं.

"तो रंग काढून टाक," आपा म्हणाली. "माझा गेला तो गेला. पोरीला काही झालं तर त्याला काय तोंड दाखवू?"

सकाळी बाइकेंनी कुलूप उघडलं. किल्ली त्यांच्याकडेच असते.

आत शिरताच मी थबकले.

खोलीत शाईचा वास होता... छपाईच्या ओल्या शाईचा. त्या स्टुडिओत शाईचा थेंबही नाही.

"तुलाही येतोय?" बाइकेंनी हळूच विचारलं.

मी व्हिडिओ उघडला. गोल नव्हता. कुणीतरी तो आधीच पुसला होता.

मेलिस पुन्हा पिवळा होता. आधीपेक्षा जास्त. मागे नुरिझाचे गाल लालबुंद.

तेवढ्यात आपाचा फोन.

"उठली! गरम तळलेले बोर्सोक मागतेय, वर साय पण हवी म्हणे!"

मी भिंतीला टेकून खाली बसले. नवरा मेल्यावर जेवढी रडले नव्हते तेवढी तिथे रडले.

जेवणाच्या दिवशी तो तसाच दाखवला, पिवळा. आपा पापणी न लववता बघत होती.

"असाच होता माझा पोर," एवढंच म्हणाली.

त्यानंतर आठवण आली की मी तो व्हिडिओ उघडायचे. दर वेळी मेलिस आणखी फिका. आधी चेहरा, मग हात, मग शर्टसुद्धा. मी काहीही करत नाही, तरी तो पोरीला आपला रंग देतच राहतो.

आता मी उघडत नाही.

नुरिझा कधी कधी मागे लागते. "आई, बाबांचा व्हिडिओ लाव ना."

मी म्हणते, फाइल बिघडलीय.

खोटं बोलते. उघडला, आणि पडद्यावर तिच्यापुढे कुणीच बसलेलं नसेल, तर मी तिला काय सांगू?