चिपळीचा वळ

या, असे जरा पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकलेल्या मंडळींनीही या, जागा पुष्कळ आहे. देवाचं नाव घेऊन झालं, आता एका मोटारीची गोष्ट सांगतो. कुणी म्हणेल, कीर्तनाच्या मांडवात मोटार कशाला? तर ऐका, आणि शेवटी तुम्हीच ठरवा.

सन दोन हजार एक्केचाळीस. कोल्हापुरात शेवंता सातपुते नावाच्या बाईंचा मोटारींच्या गाद्या शिवण्याचा कारखाना होता. सकाळी कुलूप उघडलं की त्यांचं पहिलं काम म्हणजे विरजणाला गुळाचं कोमट पाणी पाजणं. हे विरजण दह्याचं नव्हे. जुनं, वाळून खडखडीत झालेलं कातडं पुन्हा मऊ करणारे सूक्ष्मजीव एका प्रयोगशाळेत तयार झाले होते. त्यांचं पुस्तकी नाव 'चर्मसंजीवक'. पण ते मडक्यात वाढतात, उबेला ठेवावे लागतात, आणि थोडे मागं राखले की पुढच्या खेपेला पुन्हा वाढतात. मग कारागीर मंडळी त्यांना दुसरं काय म्हणणार?

त्या सोमवारी कारखान्याच्या दारात एक काळी मोटार आली. एकोणीसशे बासष्ट सालची. पोटातलं पेट्रोलचं इंजिन काढून तिथं बॅटरी घातलेली, आणि कायद्याप्रमाणे आपोआप चालवणारं सारथी-यंत्रही बसवलेलं. मागच्या सीटवर वाळलेल्या झेंडूचा हार होता. मोटारीमागून आलेल्या रिक्षातून सहासष्ट वर्षांच्या यमुनाताई आरळेकर उतरल्या. त्या स्वतः कीर्तनकार, आणि कीर्तनकार मुकुंदबुवा आरळेकरांची एकुलती एक मुलगी. ही मोटार बुवांची. एका गावचं कीर्तन आटोपून दुसऱ्या गावी जायला भक्तमंडळींनी त्यांना ती घेऊन दिली होती.

शेवंतानं हार अलगद बाजूला केला आणि सीटवर नखानं टकटक केली. पाटावर केल्यासारखा आवाज आला.

"ताई, ह्याला काय काय लावलंय?"

"सत्तावन्न वर्षं, बाबांच्या दर पुण्यतिथीला पंचामृताचा अभिषेक. मग चंदनाचा लेप, वर बुक्का."

"सीटला?"

"बाबांचं आसन आहे ते."

"देवाला चालतंय ताई. कातड्याला न्हाई. दूध आत मुरलं, त्याचा थर झाला, वर चंदनानं उरलीसुरली ओल ओढून घेतली. आणि कातडं बसण्यानं मऊ राहतंय. माणसाची ऊब लागती, वजन पडतं, म्हणून. सत्तावन्न वर्षं कुणी टेकलंच न्हाई, तर ते लाकूड हुणारच."

"त्यावर कोण बसणार? आम्ही लांबून नमस्कार करायचो."

"आणि ही पुढची, डायवरची? हिला तर कुणी दूधबी पाजलं न्हाई."

यमुनाताईंचा चेहरा उतरला. "तिथं जोतीराम बसायचा. त्याच्यानंतर कुणालाच बसू दिलं नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

जोतीराम कुंभार हा बुवांचा ड्रायव्हर. काडीसारखा बारीक, चोवीस वर्षांचा. मोटार गावात पोचली की तो हातपाय धुऊन बुवांच्या मागं टाळ घेऊन उभा राही आणि धृपद धरी. बुवा पद म्हणत, आणि त्याची पहिली ओळ मागचे टाळकरी उचलून धरत. बुवा दम घेत तोवर ती ओळ खाली पडू द्यायची नाही, हे त्यांचं काम. चौऱ्याऐंशी साली, ओळीनं तीन गावांची कीर्तनं करून परतताना, पहाटे मोटार चिंचेच्या झाडावर आदळली. शेतावर निघालेली माणसं धावली, तेव्हा बुवा गवतावर गतप्राण पडले होते आणि त्यांचं डोकं जोतीरामच्या मांडीवर होतं. कुणी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "चूक माझी हाय."

त्यानंतर पंचक्रोशीत कुठल्याही मांडवात त्याच्या हाती कुणी टाळ दिला नाही. तेराव्याला तो दारात आला, तेव्हा नऊ वर्षांच्या यमुनेनं त्याचे टाळ उचलून अंगणात भिरकावले होते आणि म्हटलं होतं, "माझ्या बाबांना तू मारलंस." तो टाळ वेचून निघून गेला. पुढं चाळीस वर्षं यमुनाताईंनी कीर्तनात सावधपणाचा दाखला द्यायचा झाला की त्याचाच दिला. झोपलेल्या सारथ्याचा.

"रविवारी बाबांची जन्मशताब्दी," यमुनाताई म्हणाल्या. "समितीला हे आसन काचेच्या पेटीत ठेवायचंय. मऊ झालं की त्यावर बाबांचा ठसा उमटेल, असं कुणीतरी सांगितलंय. खरं का ते?"

"खरं हाय. कातडं म्हंजे हजारो दोऱ्यांचा गुंता. ओल गेली की दोरे एकमेकाला चिकटून गाठी बसतात. माझी आजी तेल चोळायची. तेलानं वर तकाकी यायची, आतली गाठ काय सुटायची न्हाई. हे जीव आत शिरून नुसती गाठ खातात, दोऱ्याला तोंड लावत न्हाईत. मग मोकळा झालेला दोरा शेवटच्या वजनानं जिथं दाबला हुता, तिथं परत जातो. त्याला आम्ही वळ म्हणतो. मागं एका घोडेस्वाराचं खोगीर आलं हुतं, मांड्यांच्या खुणांसकट उठलं. पण कुणी बसलं की वळ पुसला. टिकवायचा तर वर पक्का लेप द्यायचा. मग कातडं पुन्हा लाकूड."

"लेपच द्यायचा," यमुनाताई म्हणाल्या. "आणि पुढच्या सीटचंही कर. मोटार सगळी नीट दिसू दे."

शेवंतानं दोन दिवस ओल्या कापसानं नुसता बुक्का आणि दुधाचे थर काढले. "सत्तावन्न अभिषेक," ती मदतनीस बाईला म्हणाली, "देव असता तर त्यालाबी सर्दी झाली असती." मग विरजणाचा पातळ थर दिला, वर ओलं मलमल, आणि मोटारीच्या काचा चढवून आत अंगाइतकी ऊब राखली. तीन दिवस मोटारीतून पावसाळी मातीसारखा वास येत होता.

शनिवारी सकाळी यमुनाताई सोवळ्यातच आल्या. हातात निरांजन होतं. शेवंतानं मागच्या सीटवरचं मलमल हळूच उचललं.

तपकिरी कातडं लोण्यासारखं झालं होतं. आणि त्यात एक माणूस होता. म्हणजे माणसाची जागा होती, माणूस नव्हता. पण ती जागा बसलेल्याची नव्हती. कुणीतरी कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजलं होतं. अरुंद खांदा, बारीक कंबर, टाचांचे दोन खळगे. डोक्याखाली चौकोनी घडीचा दाब, आणि घडीच्या कडेला गोंड्यांची बारीक नक्षी, एकेक दोरा मोजता येईल इतकी स्पष्ट.

"ही शाल," यमुनाताई पुटपुटल्या. "बाबांना शाल मिळायची कीर्तनानंतर. पण हे बाबा नाहीत. बाबा भरदार होते. हे कोण?"

शेवंतानं पुढच्या सीटवरचं कापड उचललं.

स्टिअरिंगच्या मागं एक भरदार देह बसून गेला होता. रुंद पाठ, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली. मुकुंदबुवांचा उजवा खांदा जन्मापासून उतरलेला. त्यांच्या प्रत्येक फोटोत उपरणं त्या बाजूनं घसरलेलं दिसतं. कमरेच्या उजव्या अंगाला, पाठ आणि गादी मिळतात तिथं, एक लांबट वळ होता. मध्ये फुगीर, टोकांना निमुळता, आणि त्यात चकत्यांचे दोन गोल. कंबरेला खोचलेल्या चिपळीचा. उजव्या मांडीचा खळगा सगळ्यात खोल होता. ब्रेक दाबताना सगळा देह त्या पायावर येतो, तसा.

यमुनाताईंच्या हातातलं निरांजन कललं. शेवंतानं ते काढून घेतलं.

कारखान्यात शिवणयंत्रं थांबली होती. कुणाला कुणी सांगितलं नव्हतं, पण कातडं कापणाऱ्या दोघींनी पायातल्या चपला काढून ठेवल्या.

"तो झोपला होता," यमुनाताई म्हणाल्या. "मागं. बाबांच्या जागी. आणि बाबा..."

"ताई, जरा बसा."

"कुठं बसू?" त्या म्हणाल्या.

शेवंतानं स्टूल दिलं आणि विचारलं, "तो माणूस हाय का अजून?"

होता. शहराबाहेरच्या माळावर नातवाकडं राहत होता. एक्क्याऐंशी वर्षांचा. दुपारी शेवंताची आपोआप चालणारी गाडी त्याला घेऊन आली. डोक्याला स्वच्छ पटका, हातात काठी. मोटार पाहून तो दारातच थांबला.

"जोतीदादा," यमुनाताई म्हणाल्या. सत्तावन्न वर्षांत ही हाक त्यांनी मारली नव्हती. "आत या. हे बघा."

त्यानं दोन्ही सीटं पाहिली. पुढच्या सीटवरच्या खळग्यावरून हात फिरवायला गेला आणि बोटभर अंतरावरच थांबवला.

"असंल काहीतरी," तो म्हणाला. "सीटला काय कळतंय अक्का."

"मला कळतंय. गाडी बाबा चालवत होते."

"चालवायचं काम माझं हुतं. तीन रात्री जागा हुतो. बुवा म्हणाले, जोती, तू मागं सरक. मांडवात तू माझं धृपद धरतोस, आता वाटेत मी तुझं धरतो. शाल दिली उशाला. मी नको म्हणायला पायजे हुतं. झोपलो. म्हणून चूक माझी. खोटं काय बोललो?"

"सगळ्यांनी तुम्हाला वाळीत टाकलं. मी टाकलं. एकदा तरी सांगायचं."

"कुणाला? तुम्ही एवढ्याशा. बाप गेल्याचं दुःख न्हाई का पुरेसं? वर बापाचाच डोळा लागला, हे पोरीनं जन्मभर ऐकायचं? त्यापेक्षा मीच ऐकलं." तो थोडा हसला. "तुमच्या कीर्तनातबी ऐकलं की. लांब बसायचो. दाखला चांगला रंगवता तुम्ही."

यमुनाताईंनी पदर तोंडाला लावला. शेवंता हळूच म्हणाली, "ताई, संध्याकाळी समितीची माणसं येतील. लेप द्यायचा का? दिला तर हा पुरावा कायमचा राहील. सगळं जग बघंल."

"लेप दिऊ नका," जोतीराम म्हणाला. "आणि उद्या ह्यातलं काही सांगू नका अक्का. मी जिता हाय तोवर तरी नको. बुवांच्या नावानं चार माणसं बरी वागतात. शपथ हाय तुम्हाला."

आता इथं थांबून मी तुम्हाला विचारतो. त्या बाईंच्या जागी तुम्ही असता, तर? एका बाजूला खरं, तेही डोळ्यांनी दिसणारं, बोटांनी चाचपता येणारं. दुसऱ्या बाजूला ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचाच शब्द.

यमुनाताईंनी मोटारीचं मागचं दार उघडलं. सोवळ्यानिशी, जोतीराम जिथं निजला होता त्या खळग्यात त्या बसल्या. कातडं त्यांच्या वजनाखाली सावकाश दबलं आणि गोंड्यांची नक्षी विरून गेली.

"आता तुम्ही पुढं बसा," त्या म्हणाल्या.

"तिथं? बुवांवर?"

"दादा, लांबून नमस्कार करून करून आम्ही त्यांचं लाकूड केलं. तुम्ही बसा. त्यांनी तुमची जागा तेवढी धरून ठेवली होती."

म्हाताऱ्यानं चपला काढल्या, सीटला हात लावून तो कपाळाला लावला, आणि आत बसला. भरदार माणसाच्या त्या खळग्यात तो पुरता मावून वर जागा उरली. त्यानं पाठ टेकली. डोळे मिटले. नंतर शेवंतानं मला सांगितलं, विरजण दिलेलं कातडं पहिल्या वजनाला जरा वर उचलून घेतं, दोऱ्यांत पाणी असतं म्हणून. शास्त्र तेवढंच आहे. पण त्या वेळी तिलाही वाटलं, की कुणीतरी त्याला पाठीशी घेतलं.

जोतीरामनं चाकावर हात ठेवले. सारथी-यंत्राला त्या हातांची गरज नव्हती. तरी ते हात बरोबर जागच्या जागी गेले.

"कुठं जायचं अक्का?"

"आरळ्याला, आपल्या गावी. उद्याच्या कीर्तनाला."

रविवारी काचेची पेटी रिकामीच राहिली. समितीची माणसं रुसली, त्यांना नीटसं उत्तर कुणी दिलं नाही. यमुनाताईंनी झोपलेल्या सारथ्याचा दाखला दिला नाही. बुवांचं आवडतं पद घेण्याआधी त्या मागं वळल्या आणि टाळकऱ्यांच्या रांगेत एका म्हाताऱ्याच्या हाती जुने, चेपलेले टाळ ठेवले. मांडवात कुजबुज झाली. एकदोघं उठून गेले. मग पद सुरू झालं, यमुनाताईंचा दम संपला, आणि मागून एक थरथरता आवाज आला. ओळ खाली पडली नाही.

त्या मांडवात बाजाच्या पेटीवर मी होतो.

मंडळी, शपथ त्यांच्या हयातीपुरती होती. गेल्या माघात जोतीराम कुंभार देवाघरी गेले, आणि यमुनाताईंनीच मला म्हटलं, आता सांगत जा. त्या मोटारीवर आज कसलाही वळ नाही. पुरावा मागाल तर मऊ कातड्याची गादी आहे, पाहिजे त्यानं बसावं. असलं विरजण आता गावोगाव निघालंय. उद्या कुणाच्या घरातली कुठली खुर्ची, कुठलं खोगीर, कुठली वहाण काय दाखवील, आणि ते बघायची आपली तयारी आहे का, हे मला ठाऊक नाही.

एवढंच मागणं आहे. आता जयघोष करू, देवांची नावं घेऊ, संतांची घेऊ, मुकुंदबुवांचंही घेऊ. सगळी घेऊन झाली की थोडं थांबा, आणि मागच्या रांगेत उभं राहून धृपद धरणाऱ्या जोतीरामाची आठवण काढा.