कोबीवाला आणि ओळखीची पावलं

कुईं... कर्रर... कुईं.

वाचनालयात त्या वेळी कुणीच नव्हतं. आत्या मागच्या खोलीत चहा टाकत होती आणि धाकटी शिडीवर उभी राहून वरच्या फळीची धूळ झटकत होती. आवाज भयकथांच्या कपाटाकडून येत होता. एकदाच आला असता तर वारा म्हणून सोडून देता आलं असतं. पण हा थांबून थांबून, विचार केल्यासारखा येत होता.

तिने वाकून पाहिलं. एक उंच, किडकिडीत माणूस कपाटाचं दार हळूच उघडत होता, मिटत होता. डोळे मात्र घट्ट बंद.

"काही हवंय का?"

तो दचकला नाही. दार आणखी एकदा ओढलं, शेवटचा 'कर्रर' संपू दिला, आणि मग डोळे उघडले.

"या बिजागरीला कधी तेल घालू नका हं," तो म्हणाला. "फार सुरेख रडते."

"तुम्ही पुस्तकं बघायला आलात की कपाट?"

"आधी कपाट. पुस्तकांची मला भीती वाटते."

धाकटीला हसू आलं, ते तिने धुळीच्या फडक्यात लपवलं. पुस्तकांना भिणाऱ्या त्या माणसाने त्याच दिवशी सभासदत्व घेतलं, तेव्हाच खरं तर तिला संशय यायला हवा होता. आलाही. पण तो संशयच होता की आणखी काही, हे कळायला वेळ लागला.

पुस्तकं भाड्याने मिळत आणि सिनेमा बघायला उंबरा ओलांडून जावं लागे, त्या दिवसांतली ही गोष्ट. थोरलीचं लग्न झालं, वडील गेले, आणि जिन्यावरचं ते वाचनालय आत्या आणि धाकटीच्या गळ्यात पडलं. ते तगलं होतं एका लेखकाच्या जिवावर. भयकथा लिहायचे. नाव वेगळंच होतं, पण वाचक त्यांना 'अंधारकर' म्हणत. त्यांचं नवं पुस्तक आलं की जिन्यात रांग लागे, आणि त्यावर सिनेमा आला की शनिवारच्या बैठकीत भांडणं लागत.

बैठकीला नेमाने येणारे दोघंच, दाताचे डॉक्टर आणि निवृत्त मास्तर. आत्या चहापुरती येई आणि सगळ्यांत जास्त बोलून जाई. आता त्यांत हा नवा.

"'विहिरीतला आरसा' सिनेमात जास्त भीतिदायक आहे," डॉक्टर म्हणत.

"तुम्हाला दुसऱ्यांनी किंचाळलेलं आवडतं, डॉक्टर. धंद्याची सवय," मास्तर म्हणत. "पुस्तकात आरशातलं भूत दिसतच नाही. सिनेमात त्याच्या गालाची पावडरसुद्धा दिसते."

"भुताने काय तोंड धुऊन यायचं?" आत्या विचारी.

नवा ऐकत बसे. त्याचं मत कुणी विचारलं तर सिनेमातलंच काहीतरी सांगे. पुस्तकाचं नाव काढलं की विषय बदले. प्रश्न मात्र भलतेच विचारी. एकदा 'दाराआडचा जिना'वर बोलणं चाललं होतं. मेलेली बायको रोज संध्याकाळी जिना चढून येते, आणि नवरा दाराआड बसून तिची पावलं ऐकतो, ती गोष्ट.

"जिना चढताना तिच्या पायात काय असतं हो?" त्याने विचारलं.

इतकी वर्षं पुस्तक वाचून कुणाच्या हे मनातच आलं नव्हतं.

"अनवाणी," डॉक्टर म्हणाले. "भुतं अनवाणीच असतात."

"पैंजण," मास्तर म्हणाले, आणि लगेच स्वतःच वैतागले. "नाही, ते सिनेमातलं. डोक्यात घुसून बसलंय."

"चपला," धाकटी म्हणाली. "साध्या, घरच्या. आणि एक पाऊल जरा ओढत येते. दिवसभर राबलेली बाई जिना अशीच चढते. पुस्तकात तर 'ओळखीची पावलं' एवढंच लिहिलंय."

"मग भीती कशाची?" त्याने विचारलं.

"तेच तर सिनेमावाल्यांना कळलं नाही. तिथे ढोल वाजतात आणि तो धावत जाऊन कडी लावतो. पुस्तकात तो कडीपाशी जातो खरा... पण लावतो की नाही, ते अंधारकर सांगतच नाहीत."

तो तिच्याकडे बघत राहिला. कपाटाचं दार ऐकताना जसा होता, तसाच. धाकटीने उगाचच पदर सारखा केला.

पुढच्या शनिवारी बैठक संपताना पाऊस आला. डॉक्टर-मास्तर एका छत्रीत भांडत गेले. तो जिन्याच्या तोंडाशी थांबला, तीही थांबली.

"पत्र्यावर पडतोय तो पाऊस वेगळा," तो म्हणाला, "आणि तुमच्या त्या बादलीत पडतोय तो वेगळा... ऐका."

तिने ऐकलं. खरंच वेगळा होता. त्या वेगळेपणाच्या नादात ती जे कुणालाच बोलली नव्हती ते बोलून गेली. आई गेली तेव्हा ती लहान होती. वडील रोज संध्याकाळी हे दार नुसतं लोटून ठेवायचे, कडी लावायचे नाहीत. आत्या रागवायची, चोर येतील म्हणायची. वडील म्हणायचे, येऊ दे, कुणीतरी येऊ दे.

"म्हणून ते पुस्तक मला..." ती थांबली.

"हं," तो म्हणाला. पाऊस थांबल्यावरही तो बराच वेळ तिथेच उभा होता.

आणि त्यानंतरच्या शनिवारी त्याची पिशवी पडली.

तो हात धुवायला मागे गेला होता. बाकावरची कापडी पिशवी घसरली आणि सगळं जमिनीवर सांडलं. लोखंडी साखळी. कातडी हातमोजे. बाईमाणसाची एकच चप्पल. आणि एक कोबी.

आयुष्यभर अंधारकर वाचलेली ती माणसं. दुसरं काय सुचणार?

"साखळी," डॉक्टर कुजबुजले. "हातमोजे, म्हणजे ठसे नकोत."

"आणि एक चप्पल," मास्तर म्हणाले. "दुसरी कुठे असेल, सांगायला नको."

"पण मेल्याला कोबी कशाला लागतो?" आत्याने विचारलं.

"कोबीचंच तर कोडं आहे."

धाकटीची नजर चपलेवर होती. वापरलेली, पट्टा सैल झालेली. खून-बिन तिला खरा वाटला नाही. पण एक बाई मात्र खरी वाटली. आणि ते तिला इतकं लागलं, की तिची तीच घाबरली.

तो परत आला. जमिनीकडे पाहिलं, मग चार चेहऱ्यांकडे.

"ही चप्पल कुणाची?" धाकटीने विचारलं.

"माझीच. म्हणजे... पायात मावत नाही. हातात घालतो." सगळे मागे सरकले तसा तो घाईने म्हणाला, "अहो, मी सिनेमाला आवाज देतो. बोलण्याचे नाही, वस्तूंचे. दारं, पावलं, साखळ्या. पडद्यावर कुणी चालतं, तेव्हा मी खाली बसून फळीवर चपला वाजवतो."

"कोबी?" आत्याने सोडलं नाही.

त्याने कोबी उचलून दोन्ही हातांनी पिळला. असं काही कडाडलं की डॉक्टरांनी आपलं मनगट धरलं.

"हाड मोडतं," तो म्हणाला. "कोबीसारखं हाड माणसालाही नसतं."

मास्तर हसायला लागले. आत्याही. धाकटी मात्र हसली नाही.

"कुठल्या सिनेमाला देताय आवाज?"

"'दाराआडचा जिना'. नव्याने काढतायत."

"म्हणजे आम्ही बोलत होतो, आणि तुम्ही माल गोळा करत होता."

"मी पुस्तक वाचलं नव्हतं. खरंच भितो मी, वाचताना प्रत्येक ओळ कानात वाजते. म्हणून म्हटलं, ज्यांनी वाचलंय त्यांना काय ऐकू येतं ते—"

"आणि त्या दिवशी पावसात? तेही ऐकायलाच थांबला होता?"

याचं उत्तर त्याच्याकडे असावं. पण ते चौघांसमोर देण्याजोगं नसावं.

"ढोल लावाल त्यावर," ती म्हणाली. "माझ्या वडिलांचं दार, त्यावर ढोल वाजतील आणि लोक शिट्ट्या मारतील."

"संगीत माझ्या हातात नाही. शेवटही नाही," तो हळू म्हणाला. "वचन देऊन खोटं पाडण्यापेक्षा..."

"तुमचं सभासदत्व रद्द. आणि त्या बिजागरीला उद्याच तेल घालते."

तो गेला. जिना उतरणारी पावलं तिने ऐकली. नको नको म्हणत, शेवटच्या पायरीपर्यंत.

सिनेमा लागला तेव्हा धाकटी जाणार नव्हती. "कोबीवाल्याने काय दिवे लावलेत ते बघू तरी," असं म्हणत आत्यानेच तिला ओढत नेलं. दुपारचा खेळ होता. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला मास्तर, दोघंही आधीपासूनच नाराज.

सुरुवातीला ढोल वाजलेच. एक हाड मोडलं, मागच्या रांगेतून किंकाळी आली आणि आत्या मोठ्यांदा म्हणाली, "कोबी."

मग जिना आला. धाकटीने खुर्चीचा हात घट्ट धरला. पडद्यावर अंधार होत गेला, ढोलाची वाट बघत सगळं थिएटर खाली सरकलं... आणि काहीच वाजलं नाही. नुसती शांतता. मग एक पाऊल. चपलेचं. दुसरं, जरा ओढत. मग पुन्हा.

आत्याने अंधारात तिचा हात दाबला. "अगं," ती कुजबुजली, "ही तर तू चढतेयस."

तीच होती. त्याच्या पिशवीतली ती सैल पट्ट्याची चप्पल, पण दिवसभर शिड्या चढून दमलेलं डावं पाऊल तिचं. एवढं नीट, एवढं जपून कुणी तिला कधी ऐकलं असेल, असं तिला वाटलं नव्हतं. पडद्यावर नवऱ्याचा हात कडीवर आला. पडदा काळा झाला. आता कडी वाजणार म्हणून तिने डोळे मिटले.

कडी वाजली नाही.

दिवे लागले. "लावली की नाही हो कडी?" लोक एकमेकांना विचारत बाहेर पडत होते.

"पुस्तकासारखं झालं," मास्तर नाइलाजाने म्हणाले. डॉक्टरांनी नाक शिंकरलं आणि सर्दी झाल्याचं सांगितलं.

त्या संध्याकाळी वाचनालय बंद करायची वेळ झाली. धाकटी कडी लावायला दारापाशी गेली, आणि जिन्यावर पावलं वाजली. लांब टांगांची, पण आज अडखळत येणारी. दाराबाहेर येऊन ती थांबली.

"संगीतवाल्याचे पाय धरले," बाहेरून आवाज आला. "तेवढ्या जागेपुरते ढोल काढायला लावले. आणि कडीचा आवाज... तो मी केलाच नाही. नसलेल्या आवाजाकडे कुणाचं लक्ष जातंय." मग बाहेर एक पाऊल दाराकडे सरकलं. "त्या दिवशी पावसात मी काही ऐकत नव्हतो. म्हणजे पाऊस ऐकत नव्हतो."

आत्याने मागच्या खोलीतून चहाच्या कपांचा मुद्दाम खणखणाट केला.

"आत येऊ का?" तो म्हणाला. "सभासदत्व तर रद्द आहे."

धाकटीने कडीवरचा हात काढून घेतला. दिवा जरा मोठा केला.

"दार नुसतं लोटलेलं आहे," ती म्हणाली.

तो आत आला. तिच्याकडे बघायचं धाडस होईना म्हणून आधी कपाटापाशी गेला आणि दार हळूच ओढलं. कुईं... कर्रर.

"तेल?"

"विसरले," ती म्हणाली, आणि या वेळी हसू लपवायला हातात फडकंही नव्हतं.