येते हं!

बालभाषा प्रयोगशाळेच्या काचभिंतीतून डॉ. शर्वाणी टिपणीस हसली. खरी शर्वाणी भिंतीसमोर उभी राहून स्वतःचंच हसू बघत होती.

"ही प्रतिआई," ती कौतुकाने म्हणाली. "माझाच चेहरा, माझाच आवाज. मी कामावर असले की घरच्या काचभिंतीवर ही ऊर्वीशी खेळते. बुवा-कुक, वाट्या वाजवणं, मटार मोजणं. अडीच वर्षांची पोर वीसपर्यंत आकडे म्हणते, सर!"

भाषातज्ज्ञ डॉ. घैसास चाळीस वर्षं मुलांचं बोलणं ऐकत आलेले. असल्या कौतुकाला ते बधणारे नव्हेत. "आणि शब्दांचे अर्थ तिला कोण सांगतं?"

"कुणीच नाही. शब्दामागोमाग जे घडतं, तोच त्याचा अर्थ. 'कुक' म्हटलं की आईचा चेहरा दिसतो."

"बरोबर. मूल शब्दकोश उघडत नाही, घडतं ते बघतं. प्रतिआई किती तास खेळते?"

"दहा."

"आणि तू?"

आता काय सांगणार, कपाळ! पोरीला न्हाऊमाखू घालायला काकू होत्या. शर्वाणी सकाळी दारात 'येते हं' म्हणायची आणि पोर झोपल्यावर परतायची. गेलं दीड वर्ष हेच. 'जाते' म्हणू नये, हे आजीने लहानपणीच दटावून शिकवलेलं. तिच्या पाठीमागे दार लागलं की काचभिंत उजळायची.

सरांचा तो प्रश्न तिला भलताच झोंबला. ती भर दुपारी घरी आली, काकूंना सुट्टी दिली आणि काचभिंतीची तारच उपटून टाकली. आजपासून पोरीशी मीच खेळणार, बस्स!

ती मटाराच्या शेंगा घेऊन बसली. ऊर्वीने शहाण्यासारखे दाणे मोजले. मग पुढे सरकून तिच्या गालाला हात लावला.

"गरम," ती म्हणाली आणि हात मागे घेतला.

शर्वाणीला काचभिंतीचा गारवा आठवला. तिने घाईघाईने ओढणी तोंडावर घेतली. "बुवाऽऽ... कुक!"

ऊर्वी हसली नाही. ती विझलेल्या काचेकडे बघत होती. मग तिने शर्वाणीचं बोट धरलं, तिला दारापर्यंत चालवत नेलं आणि तिच्या चपला वाकून तिच्या पायांपुढे सरकवल्या.

"येते हं म्हण."

"नाही गं सोन्या, मी कुठ्ठे जाणार नाही. मी आलेय ना!" शर्वाणीला रडू फुटलं.

ऊर्वीने तिचा हात थोपटला. समजूत घालायचा तो सूर शर्वाणीचाच होता, तिनेच प्रतिआईला दिलेला.

"रडू नको, मावशी. येते हं म्हण ना. मग आई येते."